सोलांनी रंगलेले हात

आमच्या मालवणकडे फोटो म्हणजे लग्नातला, सगळी ताठ उभी! सासूबाईंचाही तसलाच एक. गेल्या मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी होती. त्या खळ्यात कोकमाच्या सोलांना रसाची पुटं देत होत्या, हात मनगटापर्यंत लाल. सकाळच्या तिरप्या उन्हात मी मोबाईल धरला.

"माजो कसलो फोटो काढतंस गो? लुगडा तरी बदलतंय!"

मी थोडीच ऐकतेय!

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही मुंबईचं रोजचं जगणं टिपलं होतं. सुरुवातीला ते फोटो छापले गेले नवऱ्याच्या नावावर. मी फोटो मोठा करून घेतला नि मागे माझंच नाव घातलं, हो!

यंदा गुडघ्यांमुळे सासूबाईंना सोलं जमली नाहीत. फोटो माजघरात लावलाय. त्या चष्मा लावून बघतात नि म्हणतात, "एक पूट कमी पडला."