उजवं पान

बाबांची बदली लखनौला, मानकनगरच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेत झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. सांगली सुटली आणि आलमबागेत दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड लागलं. मला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी एक जाड वही आणून दिली. अट एकच: डाव्या पानावर लिहायचं, उजवं कोरं सोडायचं. चाचण्यांच्या नोंदी ते तशाच ठेवत. "चुकलं तरी खोडायचं नाही. समोर दुरुस्ती लिहायची, तारीख घालून."

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चाची दारातून म्हणाल्या, "हम बाज़ार जा रहे हैं." बरोबर आणखी कोण आहे म्हणून मी त्यांच्या मागं डोकावून पाहिलं. रात्री वहीत लिहिलं: 'इथली माणसं फार शिष्ट. एकटी असली तरी स्वतःला हम म्हणतात.'

आलमबाग वसवली अवधच्या वाजिद अली शाहनं, आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी. बाग केव्हाच गेली. चंदरनगरच्या बाजारापाशी जुना दरवाजा उभा आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही त्याच वाटेनं यायचो. या राजानं तरुणपणी 'इश्कनामा' लिहून आपली प्रेमप्रकरणं उघड मांडली होती. १८५६ साली राज्य गेलं. पुढं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये कैद झाली, आणि मग त्यानं आपल्या दुःखाची 'हुज़्न-ए-अख्तर' लिहिली. मला ते 'इश्कनाम्या'चं उजवं पान वाटतं.

समोर पान ठेवणारा दुसरा माणूस कैसरबागेत भेटला. तिथं मी गाणं शिकायला जायची. ते विद्यालय १९२६ साली सुरू झालं, त्यामागं मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे. वकिली सोडून हा माणूस देशभर फिरला, पंडितांना नि उस्तादांना प्रश्न विचारत राहिला, रोजनिशीत सगळं टिपत राहिला. पुढं मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' लिहिली तीही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. विचारणारेही तेच, सांगणारेही तेच. शंका काढणारा शिष्य त्यांनी म्हातारपणापर्यंत आपल्याच पोटात सांभाळला.

लग्न होऊन मी पुण्याला आले. एकोणतिसाव्या वर्षी वही उघडली आणि 'हम'समोर लिहिलं: 'शिष्टपणा नव्हे, वळण. शेंबड्या पोरालाही आप म्हणणारी माणसं स्वतःचा मोठेपणा कशाला मिरवतील?' शहाणपणाच्या भरात खाली रेघही ओढली.

बाबा गेल्यावर, पन्नाशीत, पुन्हा आलमबागेत गेले. डोक्यावरून आता मेट्रो जाते. चाचींचं दार बंद होतं. रात्री मुक्कामाच्या खोलीत तेच पान काढलं आणि रेघेखाली लिहिलं: 'मी तेव्हा एकटी होते. म्हणून त्यांचं अनेकवचन मला खुपलं.'

एवढं एक वाक्य कळायला अडतीस वर्षं लागली. डावं पान खोडलं असतं तर कळलंच नसतं.

त्या जोडपानावर आता तिघी आहेत: रुसलेली, शहाणी झालेली आणि ही. आम्हाला 'हम' म्हणायला हरकत नाही. खाली अजून चार ओळींची जागा आहे.