सापडलेला पैसा कुणाचा?

मैत्रिणींनो, आज एक साधाच प्रश्न विचारणार आहे. उत्तर मनातल्या मनात द्यायचं. शेजारीण काय म्हणेल, 'हे' काय म्हणतील, याचा विचार करायचा नाही.

मंडईतून घरी आलात, पिशवी रिकामी केली आणि मेथीच्या जुडीखालून शंभराची नोट निघाली. तुमची नाही, कारण तुम्ही सुट्टे मोजून दिले होते. भाजीवालीच्याच हातून पडली असणार. बाहेर ऊन मी म्हणतंय, मंडई लांब, स्वयंपाक व्हायचाय. आता काय कराल? उद्या देऊ, असं आपण म्हणतो. आणि उद्या मंडईत गेल्यावर त्या नोटेची आठवणही होत नाही, कारण ती कालच दुधाच्या बिलात गेलेली असते!

आपण बायका घर चालवतो म्हणजे दिवसभर आपल्या हातून पैसा ये-जा करत असतो. धुणं भिजवण्याआधी खिसे तपासायचे ते आपणच. रद्दीच्या पुस्तकांतून, बोहारणीला द्यायच्या जुन्या पँटीतून एखादी नोट निघते ती आपल्याच हाताला. वाणी चुकून जास्त सुट्टे देतो, तेही आपल्यालाच. त्यामुळे सापडलेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न बँकेतल्या साहेबापेक्षा आपल्यापुढे जास्त वेळा येतो. कुणी तो विचारत नाही, एवढंच.

कायदा वकिलांपुरता असतो असं आपल्याला वाटतं, पण या बाबतीत तो घरातल्या आजीसारखा बोलतो. रस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, तो कुणाचा हे कळायला मार्ग नाही, तो उचलला, तर तो गुन्हा नव्हे, असं उदाहरणच कायद्याने दिलेलं आहे. पण पाकीट सापडलं, ते कुणाचं हे नंतर कळलं, आणि तरीही ठेवून घेतलं, तर तो गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकून टाकली, तर तोही गुन्हा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे ४०३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ३१४ वे कलम आहे, आणि शिक्षा कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दंड अशी आहे. थोडक्यात काय, वस्तू उचलणं हा दोष नाही. मालक शोधण्याची वाजवी खटपट न करता, त्याला वाजवी मुदत न देता ती आपली म्हणणं हा दोष.

पण खरं सांगू का? कलम ठाऊक नसतं म्हणून पैसे ठेवून घेते अशी बाई मी पाहिलेली नाही. आपण ठेवतो ते सबबींच्या जोरावर.

पहिली सबब, "एवढ्याशा पैशाचं काय मोठं?" भाजीवालीला शंभर रुपये एवढेसे नसतात. दिवसभर उन्हात बसून जुड्या विकल्यावर तिला हातात काय सुटतं, त्याचा हिशेब एकदा करून बघा.

दुसरी सबब, "दुकानवाला बक्कळ कमावतो, त्याला काय कमी आहे?" अहो, दुकान मालकाचं असलं तरी गल्ल्यावर पगारी मुलगी बसलेली असते. संध्याकाळी गल्ला कमी भरला तर तिच्या पगारातून कापून घेणारे मालक काही थोडे नाहीत. एस. टी.च्या कंडक्टरचंही तसंच. तिकिटांचा आणि पैशांचा मेळ बसला नाही तर तूट त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. म्हणजे आपण 'कंपनीचे' म्हणून ठेवून घेतलेले पैसे शेवटी कुठल्यातरी घरच्या किराणा सामानातून कमी होतात.

तिसरी सबब सगळ्यात सोज्वळ. "मी नाही बाई ठेवले, देवाच्या दानपेटीत टाकले." यालाच तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात! पैसे दुसऱ्याचे, पुण्य मात्र आपल्याला. मालक शोधून शोधून सापडला नाही, तर दान करणं चांगलंच. पण शोधायच्या आधीच पेटी गाठणं म्हणजे देवाला आपल्या आळसात सामील करून घेणं.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या वर्षीची गोष्ट. सहावीतल्या एका मुलीला पाण्याच्या नळापाशी पाचशेची नोट सापडली. तिनं ती वर्गात आणून दिली. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, "काही पैसे सापडलेत. ज्याचे असतील त्यानं ऑफिसात येऊन किती होते आणि कसे होते ते सांगावं." रक्कम मुद्दामच सांगितली नाही. चार जण आले. कुणी पन्नास म्हणालं, कुणी दोनशे. एकाचंही बरोबर नव्हतं. वर्गात मुलांचा वादविवाद सुरू. "बाई, कुणीच नाही आलं तर तिला द्या ना." "नको, सगळ्यांना खाऊ आणा." मला तर दोन्ही पटण्यासारखंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पहिलीतल्या एका मुलाची आजी आली. म्हणाली, "पाचशेची एकच नोट. घडीवर हळदीचा डाग आहे." डाग होता. मुलानं आजीच्या बटव्यातून नोट काढून खिशात घातली होती, खेळायला म्हणून, आणि पाडली होती. मार बसेल या भीतीनं तो दोन दिवस गप्प होता. मार त्याला बसलाच नाही. संशय आला तो सुनेवर. "माहेरी पाठवलेस" इथपर्यंत बोलणं गेलं होतं. सून दोन दिवस जेवली नव्हती, हे सांगताना म्हातारीचा आवाज खाली गेला. नोट घेऊन ती निघाली तेव्हा मोठ्या बाई तिला एवढंच म्हणाल्या, "आजी, घरी गेल्यावर आधी सुनेला सांगा हं."

मला तिथं एक गोष्ट लख्ख कळली. पैसा हरवतो तेव्हा तो एकटा जात नाही. मागे संशय ठेवून जातो, आणि तो संशय नेहमी घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर जाऊन बसतो. सुनेवर, नोकरीला नसलेल्या दिरावर, शिकायला ठेवून घेतलेल्या भाचीवर. नाहीतर मग धुण्याभांड्याच्या बाईवर.

आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. वटपौर्णिमेच्या सुमाराला कपाटातले दोन हजार रुपये नाहीसे झाले. आठ वर्षं कामाला येणाऱ्या बाईंना कुणी चोर म्हटलं नाही. फक्त "उद्यापासून येऊ नका" म्हटलं. गल्लीला तेवढं पुरतं. आणखी दोन घरची कामं गेली. दिवाळीच्या साफसफाईत पैसे पोथीच्या बासनात सापडले. फराळाला बोलावलं तेव्हा घरची बाई हसत हसत सांगत होती, "बघा ना, माझ्याच हातचे होते!" आम्ही सगळ्या हसलो. हसल्या नाहीत त्या एकट्या तिच्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी त्या सुनेला बरोबर घेऊन, फराळाचा डबा घेऊन त्या बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैसे सापडले ते बरं झालं, ताई. पण माझं नाव पाच महिने हरवलं होतं, ते कुणी सापडवून द्यायचं?" त्या पुन्हा त्या घरी कामाला गेल्या नाहीत. मात्र सासूबाई स्वतः त्या दोन घरी जाऊन खरं काय ते सांगून आल्या. एका घरचं काम परत मिळालं.

म्हणून म्हणते, सापडलेला पैसा परत करणं म्हणजे आपलं सोवळं जपणं नव्हे. त्या क्षणी कुठंतरी कुणीतरी बोल खात असतं, त्याची सुटका करणं आहे.

आणि माणसं आपण समजतो तेवढी वाईट नसतात, बरं का! काही संशोधकांनी एक मोठी परीक्षा घेतली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत 'सापडली' म्हणून १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, पोस्ट, हॉटेलं, पोलिसचौक्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हवाली केली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. प्रत्येकात मालकाचं नाव, ई-मेल आणि वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी. तुम्हाला काय वाटतं, पैशाचं पाकीट कमी परत आलं असेल? उलटंच झालं! रिकाम्या पाकिटांपैकी सरासरी शेकडा ४० जणांनी मालकाला कळवलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ जणांनी. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तर ७२ जणांनी कळवलं. रक्कम मोठी झाली की आपण चोर ठरू ही टोचणीही मोठी होते, असं त्यांनी कारण दिलं. पाकिटात किल्ली असली तर परत करणारे आणखी वाढत. किल्ली परक्याच्या काय कामाची? पण ज्याची हरवली त्याचा खोळंबा होतो, हे लोकांना कळत होतं.

आता थोडं कामाचं बोलू. बसमध्ये काही सापडलं तर आणखी एका प्रवाशासमोर मोजून कंडक्टरकडे द्या आणि जमल्यास डेपोत नोंद झाली का ते विचारा. रेल्वेत १३९ क्रमांकावर कळवा, किंवा स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाकडे द्या. दुकानात सापडलं तर तिथेच सांगून आपला फोन नंबर ठेवा. रक्कम मोठी आणि नावगाव काहीच नाही, तर पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सोबत कुणाला तरी न्या, म्हणजे संकोच वाटत नाही. सोसायटीच्या किंवा गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं तर "काही पैसे सापडले आहेत" एवढंच लिहा. नोटांचा फोटो टाकलात तर दहा मालक उभे राहतील!

हल्ली पैसा रस्त्यावर कमी आणि मोबाईलमध्ये जास्त सापडतो. खात्यात अनोळखी माणसाचे पैसे आले तर खर्च करू नका, ते आपले नव्हेत. पण "ताई, चुकून आले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला की घाईनं पाठवूही नका. त्यात फसवणूकही असते. आधी खात्यात पैसे खरोखर आलेत का ते पाहा, मग बँकेत जाऊन अर्ज द्या आणि बँकेमार्फतच परत करा. फसवणुकीचा संशय आला तर १९३० हा नंबर आहे.

आणि आपलं हरवलेलं कुणी आणून दिलं तर? १८७२ चा करार कायदा म्हणतो की मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तरच सापडवणाऱ्याला ते हक्कानं मागता येतं. पण सगळं का कायद्यानंच करायचं? आणून देणारा मुलगा कदाचित पायी आलेला असतो. त्याला रिक्षाचे पैसे द्या, आत बोलावून चहा द्या, त्याच्या आईला फोन करून सांगा. "ठेव तिथं" म्हणून दारातून वाटेला लावू नका.

महिनाअखेर असते, डबे रिकामे असतात, मुलाच्या फीचा तगादा असतो आणि नेमकी तेव्हाच नोट सापडते. अशा वेळी हात थांबतो, मन म्हणतं देवानंच पाठवली. मला त्या मनाला नावं ठेवायची नाहीत. टंचाई मीही पाहिली आहे. मी एकच नियम घरात ठेवलाय, तो तुम्हालाही सांगते. सापडलेला पैसा आपल्या पैशात मिसळायचा नाही. वेगळ्या पाकिटात घालायचा, वर कुठं आणि केव्हा सापडला ते लिहायचं, आणि शोधाला सुरुवात त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत करायची. एकदा का तो आपल्या नोटांत मिसळला, की तो दुसऱ्याचा होता हे आपण स्वतःलाही पटवू शकत नाही.

आणि हो, तुमचा स्वतःचाच हरवलेला पैसा साडीच्या घडीत सापडला, तर ज्याच्यावर मनातून जरी संशय घेतला असेल, त्याच्याशी त्या दिवशी दोन शब्द बरे बोला. चारचौघांत संशय बोलून दाखवला असेल, तर सापडल्याचंही चारचौघांतच सांगा.