वेताळाला खिसा नाही

ईदच्या आधीचे दहा दिवस टेलरच्या दुकानाला रात्र नसते. तरावीह आटोपून अब्बा दुकानात शिरायचे ते सहरीलाच घरी यायचे. दोन कारागीर मशिनीवर, अब्बा कटिंगला आणि डी.एड. करून घरी बसलेला मी काज-बटणाला. डोळा लागू नये म्हणून फळीवर एक छोटा टीव्ही ठेवलेला असायचा. गावातला केबलवाला मध्यरात्रीनंतर मनाला येईल ती सीडी लावून झोपी जायचा. १९९९च्या जानेवारीतल्या अशाच एका रात्री पडद्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला, जांभळ्या कपड्यांतला एक माणूस आला आणि अब्बांची कात्री थांबली.

“अरे, ये तो वेताळ है!”

वेताळच होता तो. इंग्रजीत फँटम. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत ही चित्रकथा सुरू केली, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. मुंबईच्या टाइम्स समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढली, ती मराठीतही निघत आणि त्यातून तो आमच्या घरापर्यंत पोचला. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले, मराठी शाळेत. त्यांचं वाचन म्हणजे पेपर आणि इंद्रजाल. दुकानाच्या माळ्यावर चिंध्यांच्या गाठोड्याखाली त्यांचे जुने अंक होते. शाळेच्या पुस्तकापेक्षा मी त्यांवरच जास्त वाचायला शिकलो. १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला बहादूर आला. तो निर्माण करणारे आबिद सुरती. हे नाव अब्बा मला बोट ठेवून दाखवायचे.

असो, सिनेमाकडे येतो. ‘द फँटम’ ७ जून १९९६ला अमेरिकेत लागला. त्याच दिवशी ‘द रॉक’ लागला होता आणि टॉम क्रूझचा पहिला ‘मिशन इम्पॉसिबल’ आधीपासून चालू होता. साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्च, अमेरिकेतली कमाई जेमतेम पावणेदोन कोटी. सपशेल पडला. आधी तो जो दान्ते दिग्दर्शित करणार होते आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे जेफ्री बोम यांची पटकथा बरीचशी थट्टेच्या अंगाने लिहिलेली होती. पुढे सिनेमा सायमन विन्सर यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो सरळ चेहऱ्याने काढला. मला वाटतं, इथेच सगळं भलं झालं. तो सगळा काळ काळ्या रबरातल्या, दुःखी बॅटमॅनचा. आणि इथे बिली झेन डोक्यापासून पायापर्यंत जांभळा आणि त्याला त्याची जराही लाज नाही! ठोसा मारल्यावर तो हसतो. त्याचं सिनेमातलं पहिलं काम म्हणजे दोराच्या पुलावर लटकलेल्या ट्रकमधून एका लहान मुलाला सोडवणं. जगबिग नंतर.

काळ १९३८चा. सोन्याची, चांदीची आणि जेडची अशा तीन कवट्या, त्या एकत्र करून जगावर राज्य करू पाहणारा न्यूयॉर्कचा एक शेठ (ट्रीट विल्यम्सने तो इतक्या मजेत केलाय की त्याचा राग येत नाही), समुद्री चाचे, लांडगा, घोडा. कॅथरिन झीटा-जोन्सही आहे, ‘झोरो’ने प्रसिद्ध व्हायच्या दोन वर्षं आधीची. आधी खलनायकाच्या बाजूने, मग मत बदलते. एका प्रसंगी वेताळ आणि डायना उडत्या विमानातून पळत्या घोड्यावर उतरतात. याला काय तर्क लावायचा? आमचे दोन्ही कारागीर मशीन थांबवून उभे राहिले होते.

अब्बांचं लक्ष मात्र कपड्यांवर. “सिलाई किधर है इसकी?” मग, “चेन भी नै दिखती.” आणि शेवटी निकाल: “इसकू खिसाच नै रे!” त्या पोशाखाच्या रंगाची गोष्ट मला फार उशिरा समजली. फॉक यांच्या मनात राखाडी रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा छापताना तो जांभळा झाला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल कपडे घालतो, स्वीडनमध्ये निळे. अब्बांना हे सांगितलं असतं तर त्यांनी डाइंगवाल्याला दोन शिव्या घातल्या असत्या.

माझ्या शर्टाला मात्र खिसा होता आणि त्यात चार दिवसांपूर्वी आलेलं नेमणुकीचं पत्र होतं. कोकणातल्या एका शाळेत मास्तरकी. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकान आजोबांचं, त्याआधी पणजोबांचं. त्याच वर्षी अब्बांनी पाटी नव्याने रंगवून घेतली होती आणि नावापुढे ‘अँड सन’ घातलं होतं. पेंटरने ‘अँड’ थोडा मोठा काढला म्हणून त्याच्याशी भांडलेही होते.

वेताळाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलं असेल, त्या रात्री मला काय टोचत होतं. तो अमर नाही. बाप मेला की मुलगा तेच कपडे चढवतो, लोकांना वाटतं तोच आहे. चारशे वर्षांत एकवीस वेताळ, आणि आम्ही वाचलेल्या अंकांत तरी एकाही मुलाला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला काय व्हायचंय? सिनेमातला किटसुद्धा वडील गेले म्हणून कॉलेजातून एकाएकी निघून आलेला असतो. वर हे वडील मेल्यावरही जात नाहीत. पॅट्रिक मॅकगूहन यांनी ते भूत झकास केलंय. ते फक्त मुलालाच दिसतं, घाबरवत वगैरे नाही. निवृत्त बाप घरात बसून करतो तेच करतं. हे नीट केलं नाहीस, ते विसरलास, आणि त्या मुलीला कसं जाऊ दिलंस?

इंग्रजी संवाद मी अब्बांना सांगत होतो. भुताचा प्रसंग आला तेव्हा ते खळखळून हसले. “मरे तोबी बापकू दुकानकीच फिकर!”

मी हसलो नाही. काज करताना बोटात सुई गेली, एवढं आठवतं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी पत्र दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि रात्री जेवले नाहीत. अम्मी म्हणाली, दोन दिवस थांब. मी थांबलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं, उभं केलं आणि न बोलता इंचटेप लावली. दोन पँटी शिवल्या. आतून एक चोरखिसा दिला, “यष्टीत पैसे ठेवायला.” पाटीवरचं ‘अँड सन’ त्यांनी कधी पुसलं नाही. पुढे रेडिमेडने गिऱ्हाईक नेलं, दुकान बंद झालं, ते गेले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

आज तो सिनेमा पाहताना काही गोष्टी खटकतात. गोरा माणूस जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसणार आणि काळ्या लोकांचं रक्षण करणार, हे लहानपणी खटकलं नव्हतं, आता खटकतं. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं. इंद्रजालच्या संपादकांनी ते ‘सिंगा’ केलं, वेताळाच्या बंगालीसारख्या नावाच्या मुलुखाचं ‘डेंकाली’ केलं. सिनेमानेही ‘सेंघ’ करून घेतलं. एका अक्षराचा बदल. पण वर्गातल्या एखाद्या शीख मुलाला मधल्या सुट्टीत त्या नावाने कुणी चिडवलं नसेल, तर ते अक्षर कामी आलं. पडद्यावरच्या गुंडाचं आणि आपलं नाव एकच निघालं की दुसऱ्या दिवशी शाळेत काय होतं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही.

मागच्या सुट्टीत मुलीला तो सिनेमा दाखवला. पहिला अर्धा तास तिला हळू वाटला, घोड्याच्या प्रसंगापासून सरळ बसली. मुलगी वेताळ होऊ शकते का, हा तिचा पहिला प्रश्न. झालेली आहे, मी म्हटलं. कॉमिक्समध्ये सतराव्या वेताळाची बहीण ज्युली, तिने भावाचे कपडे घालून काम सांभाळलं होतं. हे ऐकून ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ काही आवाज नाही. जाऊन पाहतो तर जांभळ्या कार्डशीटचा मुखवटा निम्मा कापून झालेला, हातात अब्बांची कटिंगची मोठी कात्री.

“कपड्याच्या कात्रीनं कागद कापतात का?” मी ओरडलो. ती दचकली. तिच्यापेक्षा जास्त मी दचकलो. आवाज माझा नव्हता.