दोन पाहुणे

दिवाळीच्या फराळाची ताटे पुढे आली, की आमच्या नातवंडांची एक ठरलेली फर्माईश असते : "आजोबा, ती मोठ्या मांजराची गोष्ट सांगा ना!" मी ती सांगतो, पण दरवर्षी तिच्यातला एक भाग हळूच गाळतो. आमच्या सौभाग्यवतींना तो भाग ठाऊक आहे. त्या चकल्यांचा डबा पुढे सरकवतात आणि काही बोलत नाहीत. यंदा म्हटले, तो भाग एकदा लिहूनच टाकावा.

गोष्ट १९९६ सालची. नद्यानाल्यांचे पाणी मोजणे ही माझी नोकरी. नाल्यावर छोटे वीजकेंद्र बसवायचे, तर भर थंडीत त्याला किती पाणी उरते ते आधी पाहावे लागते. उन्हाळ्यात बर्फ वितळले, की कोणताही नाला ऐट दाखवतो. त्याची खरी ऐपत हिवाळ्यात कळते. म्हणून ऐन नोव्हेंबरात माझी रवानगी लडाखला झाली. लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिथून साडेसतरा हजार फुटांवरची खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरलो. खाली श्योक नदी, तिच्या काठाला हुंदरची वाळूची टेकाडे, आणि त्या वाळूत यारकंदच्या जुन्या व्यापाराची आठवण म्हणून उरलेले दोन मदारींचे उंट. नदीकाठी सीबकथॉर्नची काटेरी जाळी, त्यांवर नारिंगी, आंबटढाण फळे. सभोवार उघडेबोडके डोंगर.

त्याच भागातल्या एका गावात माझी राहण्याची सोय झाली. घरात एक म्हाताऱ्या आजी होत्या. आजीला तिकडे 'अबी-ले' म्हणतात. त्यातले 'ले' म्हणजे आपले 'जी'. शिवाय त्यांचा मुलगा आणि सून. नातू लेहला वसतिगृहात राहून शिकत होता. मुलगा फौजेचे सामान वाहण्याचे काम करी, त्यामुळे त्याला हिंदी चांगले येई. माझ्या आणि अबी-लेंच्या मधला तो दुभाष्या. घराच्या बाजूलाच दगडी भिंतींचा गोठा होता. वर मातीचे छप्पर आणि छपराला उजेडासाठी ठेवलेले एक भोक. आत नऊ शेळ्यामेंढ्या. नातवाच्या शाळेचा खर्च त्यांच्यातूनच निघे, हे मला पहिल्याच संध्याकाळी समजले होते.

दिवाळीचीच एक पहाट. पुण्यात आमच्या घरी अभ्यंगस्नाने चालली असतील, आणि मी तोंडाला पाणी लावायलाही धजत नव्हतो! उपकरणाची पेटी घेऊन नाल्याकडे निघालो. जाळीच्या कडेला एक ससा दिसला, आणि त्याच्यामागे पंधरा-वीस पावलांवर वाळूचा एक ढीग हलला. तो ढीग नव्हता, जनावर होते. मांजरच, पण गुडघ्यापेक्षा उंच. पाय लांब, पंजे लोकरीचे मोजे घातल्यासारखे, गालांवर दोन्हीकडे कल्ले, कानांच्या टोकांना काळे गोंडे. शेपूट मात्र वीतभर, जणू देवाजवळ शेवटी कापड पुरले नाही! तिचे टोक काळे. हा लिंक्स. पूर्वी राजेरजवाडे शिकारीसाठी पाळत तो स्याहगोश निराळा. कानाचे गोंडे दोघांनाही असतात, एवढेच.

ससा निसटला. लिंक्सने मान वळवून माझ्याकडे पाहिले. घरच्या मांजराच्या डोळ्यांत उजेडात उभी रेघ असते. याच्या बाहुल्या गोल होत्या, माणसासारख्या. भीती नाही, राग नाही. 'हा कोण उपटसुंभ?' एवढाच भाव. मग तो सावकाश जाळीत शिरला. आठ-दहा सेकंदांचा प्रकार. पण मला वाटले, आपली दिवाळी साजरी झाली.

आता गाळलेला भाग.

दोन दिवसांनी भुरभुर बर्फ पडले. सकाळी त्यात मला पावलांचे ठसे दिसले. वाटोळे, मोठे, नखांच्या खुणा नसलेले. ते नाल्यावरून निघून गावाच्या मागच्या अंगाला येत होते आणि आमच्याच गोठ्याच्या भिंतीपाशी घुटमळून परत गेले होते. मी तिथे उभा राहिलो आणि मनाशी हिशेब केला. घरात सांगितले, तर ही मंडळी पत्र्याचे डबे वाजवून, कुत्री सोडून त्याला हाकलतील. आणि माझ्या कॅमेऱ्यात अजून एकवीस फोटो शिल्लक होते. मला त्याचा एक फोटो हवा होता. पुण्याला नेऊन चारचौघांत दाखवायला.

मी बोललो नाही. चालताचालता बुटांनी ते ठसे विसकटले, हेही लिहून टाकतो.

तिसऱ्या रात्री काही आवाज आला नाही. पहाटे सून गोठ्याकडे गेली आणि किंचाळत परत आली. छपराच्या भोकातून तो आत उतरला होता. पण आतून ते भोक उंच, वर चढायला आधार नाही. कोंडलेल्या जागेत जनावरे सैरावैरा धावू लागली, की शिकारी प्राण्याचे भान सुटते. भूक एकीची असते, पण धावेल तिच्यावर तो झेपावत राहतो. नवांपैकी सहा मेली होती. तीन एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि समोरच्या कोपऱ्यात लिंक्स बसला होता. तोही थरथरत होता.

गाव जमले. कोणाच्या हातात दगड, कोणाच्या हातात काठ्या. मुलाने मोठा धोंडा उचलला होता. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मला हवा तो फोटो पाच हातांवर बसलेला! मुलाने एकदा माझ्याकडे, एकदा कॅमेऱ्याकडे पाहिले. मी कॅमेरा कोटाच्या आत ढकलला.

अबी-ले पुढे आल्या. मुलाशी काहीतरी बोलल्या. तो चिडून बोलला. त्या पुन्हा तेच बोलल्या, आणि त्यांनी स्वतः गोठ्याचे दार सताड उघडून सगळ्यांना बाजूला केले. क्षणभर काहीच घडले नाही. मग एक भुरकट रेघ आमच्यासमोरून गेली आणि डोंगराच्या उतारावर दिसेनाशी झाली. मुलाने धोंडा जमिनीवर आपटला. त्या काय म्हणाल्या, ते मी नंतर विचारले. तो म्हणाला, "म्हणाली, आत तीन जिवंत आहेत, आधी त्यांचे बघ."

त्या रात्री चुलीपाशी मी सगळे सांगितले. पण माझी कबुली त्या मुलाच्याच तोंडून त्याच्या आईपर्यंत जायची होती! ठसे, बूट, कॅमेरा, सगळे मी हिंदीत सांगितले. तो ऐकत राहिला. मग आईकडे वळून चारच शब्द बोलला. एवढ्या मोठ्या कबुलीचे चार शब्द कसे झाले, ते मला आजवर कळलेले नाही. अबी-लेंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्या पेल्यात लोण्याचा खारा चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मी पैसे पुढे केले. त्या नको म्हणतील अशी माझी समजूत. त्यांनी घेतले, मोजले आणि कमरेला खोवले. मला फार हलके वाटले. मग लेहहून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून जाड तारेची जाळी मागवली. मी आणि मुलाने मिळून दोन दिवसांत ती पॉप्लरच्या वाशांवर ताणून छपराचे भोक बंद केले, दाराला फळ्या ठोकल्या. पहिल्या दिवशी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "साहेब, खिळा वाकडा जातोय."

पुढे लडाखमध्ये काही संस्थांनी गावोगाव असे जाळीचे, पक्के गोठे बांधायला मदत केली, हे वाचून मला बरे वाटले. आज लिंक्स आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पाहायला हौशी मंडळी भल्यामोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन नुब्राला जातात. जावे, पाहण्यासारखेच जनावर आहे ते. फक्त ते पाहण्याचा आनंद आपल्याला फुकट मिळत असला, तरी त्याचे बिल कोणाच्या तरी गोठ्यात जाते, एवढे ध्यानात असावे.

त्या दिवाळीत त्या घरी दोन पाहुणे आले होते. एक आला तो भुकेने आला. दुसऱ्याला तर दोन वेळचे जेवण त्याच घरात मिळत होते.

माझ्याजवळ लिंक्सचा फोटो नाही. नातवंडे दरवर्षी विचारतात, "आजोबा, फोटो का नाही काढला?" यंदा त्यांना हा अंक वाचायला देणार आहे.