दारावरची खूण

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. तिसरा अशरा चालू होता. पुरुष मंडळी तरावीहला, बायका-मुले ईदच्या खरेदीला आणि गल्लीतल्या घरांना तासन्‌तास कुलपे. अशातच आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका अनोळखी माणसाच्या आवाजातला संदेश फिरत आला. परगावची टोळी शहरात शिरली आहे, त्यांच्या बायका जुने कपडे मागायला येतात, घर हेरतात, दारावर खडूने खूण करतात आणि रात्री त्यांची माणसे येतात. पोलिसांनीच हे कळवले आहे, असेही तो म्हणत होता. कोणत्या ठाण्याने, कधी, ते काही त्यात नव्हते.

आम्ही दार उघडून पाहिले. चौकटीजवळ खरेच खडूने एक इंग्रजी अक्षर आणि खाली काही आकडे लिहिलेले होते. पोटात गोळा आला. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘आमच्याही दारावर आहे, सांभाळून राहा.’ नियत चांगलीच होती. आम्ही दोघेही शिक्षक. वर्गात एखादे पोर काही सांगू लागले की आधी विचारतो, ‘हे तुला कोणी सांगितले?’ त्या रात्री तो सवाल आम्ही स्वतःला विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी असरनंतर मागच्या गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पोरांनी अडवली होती. गाठोडे सोडलेले, स्टीलचे डबे रस्त्यावर पडलेले आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी पदराला धरून रडत होती. एका पोराच्या हातात मोबाइल होता. तो सगळ्यांना फोटो दाखवत होता. फोटोतले निळे दार आमचे होते.

अम्मी गर्दीत शिरल्या. ‘अरे बेटा, ही पाच वर्षांपासून आमच्याकडून कपडे नेते. हात लावू नका तिला!’ त्यांच्या वयाचा मान राखून पोरे दोन पावले मागे सरली. तेवढ्यात कोणीतरी 112 ला फोन लावला आणि हवालदारसाहेब आले. त्यांनी फोटो पाहिला आणि विचारले, ‘तुमच्याकडे पोलिओचे डोस पाजायला कोणी आले होते का?’

आले होते. महिन्याभरापूर्वी. घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला की ती माणसे दारावर ‘पी’ लिहितात, कोणी राहिले असेल तर ‘एक्स’ करतात, म्हणजे पुन्हा यायचे. सोबत तारीख वगैरे असते. ती खूण महिनाभर आमच्या डोळ्यांसमोर होती. संदेश ऐकेपर्यंत दिसलीच नव्हती! शरमेची बाब म्हणजे 2010 च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीच्या ड्यूटीवर आम्हीच लोकांच्या दारांवर नंबर टाकत फिरलो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवत राहिले. 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी समजून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले होते. तिथेही आधी मोबाइलवरची अफवाच पोचली होती. खबर आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणावर तरी जुलूम होईल, ही सूरह हुजुरातमधली ताकीद आम्ही दर्समध्ये कितीदा ऐकली होती. आमच्या गल्लीत अम्मी होत्या म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रुपवर लिहिले, की फोटो आमचा, चूक आमची, आणि ती खूण पोलिओवाल्यांची. मग ठाण्यात गेलो. घर सांभाळायचे तर खरी माहिती कोणाकडून घ्यायची, हेच विचारायचे होते. आमच्या बीटचे हवालदारसाहेब म्हणाले, ‘पोलिसांच्या नावाने काही आले तर ठाण्यात फोन करून विचारा. आम्ही पाठवले असेल तर आम्ही सांगू.’ घरफोडीबद्दल त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. चोर पाहतो ते बंद घर. बाहेरून दिसणारे मोठे कुलूप, दारात साचलेली दुधाची पाकिटे, संध्याकाळनंतरचा अंधार आणि ‘आम्ही सगळे गावाला’ असे स्टेटस. किल्ली कुंडीखाली किंवा चपलांच्या रॅकमध्ये ठेवू नका. कपाटाची किल्ली कपाटालाच लटकवू नका. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो वेगळे जपून ठेवा, तक्रार देताना लागतात.

नंतर सुतारचाचांना बोलावले. त्यांनी आमचा कोयंडा पाहून मान हलवली. कुलूप महागाचे होते, पण कोयंडा अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूवर उभा होता. ‘कुलूप कोण तोडतो? पहारीने कोयंडाच उचकटतात,’ ते म्हणाले. त्यांनी फळीतून आरपार जाणारे बोल्ट घातले आणि नट आतून आवळले. कुलपाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता.

आणि शेजारच्या काकूंना आम्ही पहिल्यांदाच नीट सांगून ठेवले, की बाहेर जाऊ तेव्हा लक्ष असू द्या. त्यांचा नंबर आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. इतकी वर्षे भिंतीला भिंत असून तो नव्हता.

भगिनींनो, आपल्या घराची काळजी वाटणे चूक नाही. पण पुढच्या वेळी असा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? आणि खोटे निघाले तर जाब कोणाला विचारायचा? ठाण्यातले हवालदारसाहेब, सुतारचाचा, शेजारच्या काकू, यांना आपण उद्या जाऊन विचारू शकतो. त्या आवाजाला विचारता येत नाही.

ती बोहारीण त्या दिवशी डबे गोळा करून गेली, ती परत आमच्या गल्लीत आलेली नाही. ती कुठे राहते, हे पाच वर्षांत आम्ही कधी विचारले नव्हते. अम्मींनी तिच्यासाठी कपड्यांचे गाठोडे अजून बांधून ठेवले आहे.