वरातीतला खर्ज

बार्शी लाईटची अडीच फुटी रुळांवरची गाडी येडशीला थांबायची त्या काळी लग्नसराईत तिच्यातून बँडवाले उतरायचे. लाल डगले, पितळी बटणं, आणि सगळ्यांच्या मागून पोटाशी युफोनियमचा पितळी बाजा धरून येणारा धिप्पाड गडी.

वरातीत सगळ्यांच्या नजरा क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर असत. मी मात्र या गड्याच्या कडेनं चालायचो. गाल फुगलेले, बोटं चाव्यांवर, मानेची शीर तटतटलेली. गाण्याच्या दोन ओळींमध्ये जरा जागा दिसली की तो पदरचे चार सूर घालायचा आणि परत खर्जात उतरायचा. बँडमास्तर वळून हसायचे. घोड्यावरच्या नवरदेवाला याचा पत्ताही नसे. गल्ली अरुंद झाली, दारात कुणी म्हातारं बाजेवर पडलेलं दिसलं, की आवाज आपोआप खाली यायचा.

गाणं बहुतेकदा सी. रामचंद्रांचं. पुणतांब्याच्या या माणसानं गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटला 'अलबेला'त (1951) आणलं आणि मुंबईच्या ताजमध्ये वाजणारा जॅझ सिनेमातून आमच्या वेशीपर्यंत पोचला.

याच युफोनियमवर अमेरिकेत रिच मॅटसन जॅझ वाजवत. 1973 पासून ते नॉर्थ टेक्सासच्या विद्यापीठात शिकवत होते. तिथं जॅझची पदवी 1947 पासून आहे. 1976 साली हार्वी फिलिप्स यांना सोबत घेऊन त्यांनी असा ताफा उभा केला, की पुढं ट्यूबा आणि युफोनियम, साथीला बाकीचे. कायम मागं उभं राहणाऱ्यांना त्यांनी पुढं आणलं. 1993 साली ते गेले, पण विद्या वर्गातून पुढच्या पिढीकडं गेली होती. आमच्या गड्याचं कॉलेज म्हणजे बाप आणि मास्तर. सगळं कानानं घेतलेलं. तो थकला आणि बाजा माळ्यावर गेला.

आता रूळ ब्रॉडगेज झाले आणि वरातीपुढं डीजेची भिंत आली. खर्ज आजही आहे; खिडक्यांची तावदानं हादरतात. पण त्यात कुणाचा श्वास नाही, आणि दारातलं म्हातारं त्याला दिसत नाही.

आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांनी गायन-तबल्याच्या शेजारी पितळी वाद्यांचा वर्ग काढावा आणि हयात असलेल्या बँडमास्तरांना तिथं मानानं शिकवायला बोलवावं. घरात लग्न निघालं असेल तर पहिली सुपारी बँडला द्या, आणि देताना युफोनियमवाला आहे का, तेवढं विचारा.