विटेचा लाल कुठे जातो

लाल रंग काढून घेतला की वीट कोणत्या रंगाची होते? प्रश्न खुळचट वाटेल. करडी होते, आणखी काय! पण किती करडी, याला ठरलेलं उत्तर नाही. संगणकावर रंगीत फोटो कृष्णधवल करताना लालचा स्लायडर एका बाजूला सारला तर वीट पांढुरकी होते, दुसऱ्या बाजूला ओढला तर तीच काळीठिक्कर. दोन्ही फोटो खरे. दोन्हींत कमान तीच, ऊन तेच, घटका तीच.

आपल्याकडच्या काळ्या दगडाला असली लहर नसते. कुठल्याही किल्ल्याच्या तटाचा फोटो घ्या, रंगांचे सगळे स्लायडर हलवून बघा. शेवाळ आणि आभाळ तेवढं बदलतं, दगड ढिम्म. सह्याद्रीने आपल्यापुरता हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. त्यामुळेच असेल, पण आपल्याला वीट नीट बघायची सवय नाही. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे, हे पुण्यात जन्म काढलेल्यांनाही मुद्दाम सांगावं लागतं. सगळ्यांचे फोटो दिल्ली दरवाज्याचे आणि त्यावरच्या खिळ्यांचे.

वीट बघायला शिकलो ते लखनौला. गोमतीकाठचा तो सगळा मुलूख गाळाचा. खणावं तिथे माती, दगड नावाला नाही. नवाबांनी जे काही भव्य बांधलं ते मातीच भाजून बांधलं. आणि भाजली तीही केवढीशी! तिथली जुनी लखौरी वीट जेमतेम इंचभर जाडीची असते, आपल्या आजच्या विटेच्या निम्मीसुद्धा नाही. १७८४च्या दुष्काळात आसफउद्दौलाने लोकांच्या हाताला काम म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला. त्याचा मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे आणि त्याच्या छताला तुळई नाही. या टिचभर विटा आणि चुना, एवढ्यावर ते छत उभं आहे. मात्र तिथे विटा दिसत नाहीत. सगळं गिलाव्याखाली.

विटा दिसतात त्या रेसिडेन्सीत. इंग्रज रेसिडेंटासाठी नवाबांच्या काळात १८०० पर्यंत उभं राहिलेलं हे आवार. १८५७च्या जूनअखेरीस त्याला वेढा पडला आणि नोव्हेंबरात इंग्रज तिथून निघून जाईपर्यंत तोफांनी आणि बंदुकांनी त्याची चाळण झाली. पुढे ते तसंच राखलं गेलं, पडकं. आज तिथे हिरवळ आहे, सकाळी फिरायला येणारी मंडळी आहेत, आडोसा शोधणारी जोडपी आहेत आणि या सगळ्यांच्या मागे छत नसलेल्या भिंतींत कमानींच्या रांगा आहेत. छतच नसल्याने ऊन वरूनही येतं आणि पलीकडच्या कमानीतूनही. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं!

पण रंगीत फोटोत ती कमान दिसतच नाही. लाल भिंत, हिरवी हिरवळ, निळं आभाळ: तीन भडक रंग एकमेकांशी भांडत बसतात. डोळा लाल बघतो आणि पुढे सरकतो. ती भिंत विटांची आहे हे कळतं; पण विटा एकमेकींना धरून कशा आहेत, ते राहून जातं.

ते कसं आहे हे मला समजावलं आमच्या पेठेतल्या एका वयस्क गवंड्याने. एका वाड्याच्या डागडुजीवर होता. कृष्णधवल प्रिंट त्याच्यासमोर धरला तर त्याने विटांवरून बोट फिरवलंच नाही, विटांमधून फिरवलं. “दरजा बघा साहेब. खाली सुरी जाणार नाही आणि वर बोट जाईल. कमानीत वीट कोण तासत बसतो? दरज तासायची.” दगडी कमानीत प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवावा लागतो, वर रुंद, खाली अरुंद. वीट चौकोनीच राहते, मग पाचर व्हायचं ते दोन विटांमधल्या चुन्याने, म्हणजे दरजेने. आणि वीट जितकी पातळ, तितकं प्रत्येक दरजेच्या वाट्याला आलेलं वळण कमी. जाड विटेची कमान करायला घेतली तर वरच्या अंगाला चुन्याचे जाड लपके भरावे लागतात. लखौरीत शेकडो दरजा थोडं थोडं वळतात आणि कमान होऊन जाते. नवाबी कमानीचा तो नाजूक बाक नक्षीदारांच्या हातचा खराच, पण अर्धं काम विटेच्या जाडीनेच करून ठेवलेलं आहे.

म्हणजे कमानीचा फोटो हा खरं तर दरजांचा फोटो. इथे कृष्णधवलचा उपयोग होतो आणि इथेच तो दगाही देतो. जुना चुना पांढरा असतो अशी आपली समजूत. पण या बांधकामात चुन्यात सुरखी मिसळलेली असते, म्हणजे विटांचाच भुगा. त्यामुळे दरजही गुलाबीसर. विटा उजळाव्यात म्हणून लाल चढवला की दरजाही बरोबरीने उजळतात आणि कमानीचा एक फिकट, सपाट पट्टा होतो. लाल उतरवला तर वीट दरजेपेक्षा भरभर काळवंडते आणि मग कुठे एकेक रेघ सुटी होते. अर्थात हेही उन्हावर आहे. तिरप्या उन्हात झिजलेल्या दरजेत सावली बसते, तेव्हा संगणकाने काही करायची गरज नसते. माझं तर मत असं झालंय की कृष्णधवल फोटो सकाळी आठच्या आतच काढून होतो. नंतर संगणकावर चालतात त्या खटपटी.

हा लाल-काळ्याचा खेळ आजचा नाही. वेढा उठल्यावर काही महिन्यांनी, १८५८ साली, फेलिचे बिआतो कॅमेरा घेऊन लखनौला आला. त्या काळच्या प्लेटांना निळा उजेडच काय तो कळायचा. लाल त्यांच्या लेखी अंधार. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं येई आणि लाल वस्तू काळी. नवाबी लखनौ तर विटांचं असूनही पांढरं शहर होतं, कारण प्रत्येक विटेवर घोटलेला चुन्याचा गिलावा होता. आता विचार करा: तोफगोळ्याने जिथे गिलावा उडाला तिथे आतली लाल वीट उघडी पडली आणि प्लेटने ती काळी टिपली. पांढऱ्या भिंतीवर काळ्या जखमा! प्रत्यक्ष उभं राहून बघणाऱ्याला तो फरक पांढऱ्या-तांबड्याचा दिसला असेल. जगाने मात्र त्या प्लेटांवरून उमटलेलं लखनौ पाहिलं. लालही टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बिआतोने मुद्दाम असं केलं नाही; प्लेटच तशी होती. मुद्दाम केलं ते वेगळंच. सिकंदरबागेच्या त्याच्या प्रसिद्ध फोटोत अंगणभर हाडं पसरलेली आहेत. तिथली लढाई झाली होती आधीच्या नोव्हेंबरात. ती हाडं फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एका फोटोत हे दोन्ही प्रकार आहेत, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच खरे वाटतात.

या सगळ्यामुळे एक उलटाच पेच पडतो. आज आपण रेसिडेन्सीत उभं राहून ‘काय सुंदर वीटकाम!’ म्हणतो, ते बांधणाऱ्याला आवडलं नसतं. ती वीट दिसण्यासाठी नव्हतीच. मी लाल पार चढवून काढलेल्या एका प्रिंटमध्ये कमानी इतक्या फिकट आल्या आहेत की गिलावा शाबूत असावा असंच वाटतं. इतिहासाच्या दृष्टीने हा फोटो जास्त खरा की जास्त खोटा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिसतो देखणा, एवढं नक्की.

खोटेपणा मला खुपतो तो दुसरीकडे. पडक्या वास्तूची डागडुजी होत असते, व्हायलाच हवी. रंगीत फोटोत नवी वीट लगेच ओळखू येते, तिचा लाल कोवळा असतो. सिमेंटचं ठिगळ तर निळसर करडं, लांबूनही दिसणारं. कृष्णधवल करताना स्लायडर जरा इकडेतिकडे केले की नवी वीट, जुनी वीट आणि ठिगळ, तिन्ही एका करड्यात बसवता येतात. भिंत अखंड दोनशे वर्षांची होते. लोक विचारतात, “कधीचा हो फोटो? जुना दिसतोय.” जुना दिसावा म्हणून फोटो कृष्णधवल करणं मला बिलकूल पसंत नाही. त्यावर तपकिरी झाक आणि ओरखडे चढवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आकार दिसावा म्हणून रंग काढणं समजू शकतं. वय वाढवण्यासाठी काढणं म्हणजे कागदपत्रात जन्मतारीख खोडण्यातला प्रकार.

आणि काही वेळा रंग काढूच नये. रेसिडेन्सीच्या भिंतीवर गोळा लागून पडलेले खळगे आहेत. एका खळग्यापाशी मी बराच वेळ होतो. बाहेरच्या विटांवर पावसाळ्यांची काळपट पुटं चढलेली. आत जिथे टवका उडाला तिथे वीट अजून नारिंगी-तांबडी, भट्टीतून निघाली असेल तशी. कडेला चुन्यात अडकून राहिलेला अर्धा तुकडा, त्याची मोड धारदार. हा फोटो कृष्णधवल करून पाहिला. खळगा होता, पण ओल आल्यासारखा, पोपडा निघाल्यासारखा. मार बसला आहे हे सांगणारा पुरावा त्या दोन लालांमधल्या फरकात होता, आणि तोच मी पुसत होतो. तो फोटो रंगीतच ठेवला.

बाकीच्यांच्या खाली आता मी एक ओळ लिहितो: लाल उजळ केला आहे, किंवा लाल उतरवला आहे, डागडुजी झाकली गेली असेल तर तेही. एका स्नेह्यांनी विचारलं की एवढा खुलासा कशाला, फोटो आहे का सातबारा? सातबाराच समजा, म्हटलं. फोटो पाहणारे बहुतेक जण ती ओळ वाचत नाहीत. ज्याला वाचायची आहे त्याच्यासाठी ती आहे.